पैसे बँकेतून, चहा मोहालीत

कॅनडातल्या दुकानदाराने पहिल्या ऑर्डरचे पैसे कसे द्यायचे ते स्वतःच ठरवून टाकलं होतं. मोहालीत त्याची आई एकटी राहते; मी तिच्याकडे जायचं, ती रोख देईल. त्याला बँकेचा खर्च नाही, मला वाट बघणं नाही. चंदीगडमध्ये यात कोणाला वावगं वाटत नाही. घरटी कोणीतरी तिकडे असतंच, आणि बरेचसे व्यवहार काका-मामांमार्फत उरकतात.

मी पंचकुल्यात बाळांच्या सुती गोधड्या शिवून घेते. निर्यात पहिलीच, म्हणून आधी सीएंना विचारलं. परदेशी गेलेल्या मालाचे पैसे परदेशातूनच, बँकेमार्फत यायला हवेत, ते म्हणाले. मोहालीतली रोख निर्यातीची कमाई म्हणून धरली जाणार नाही. प्रश्न मिटला.

तरी समक्ष सांगावं म्हणून त्याच्या आईंकडे गेले. टेबलावर पाकीट तयार होतं, शेजारी चहा, तळलेली खुसखुशीत मठ्ठी आणि लोणचं. मी पाकीट परत सरकवलं आणि कारण सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे आता तू येणार नाहीस, पुत्तर?"

मी गाडीची किल्ली हातात घेतली होती. ती खाली ठेवून आणखी अर्धा कप घेतला.

मग पर्याय बघितले. बँकेतून थेट पाठवले तर मधली बँक आपलं शुल्क कापून घेते आणि हातात नेमके किती पडतील ते आधी कळत नाही. दुसरी सोय निर्यातदारांसाठीच्या ऑनलाइन सेवेची. तिच्यात मला तिकडचा खाते क्रमांक मिळतो. दुकानदार तिथल्या तिथे पैसे भरतो, सेवा त्यांचे रुपये करून माझ्या बँकेत पाठवते आणि सीएंना लागणारा दाखलाही देते. शुल्क आधीच दिसतं. मी हीच निवडली आणि त्याला फोन केला.

त्याने आधी शुल्काचं कारण काढलं. अर्धं मी सोसते, म्हटलं. मग सेवेवर भरवसा काय, असं सुरू झालं. पहिल्यांदा थोडेच पाठव, म्हटलं. शेवटी तो खरं बोलला.

"दीदी, पैसे कसेही येतील. मम्मीकडे महिन्यातून एकदा कोणीतरी जावं, एवढंच होतं."

"मग सरळ सांगायचं. त्यासाठी पाकीट कशाला?"

"काम नसताना आलेलं माणूस तिला चालत नाही. कीव करायला आलात का, विचारते. एका मावशीला दारातूनच परत पाठवलंय तिने."

हे मला पटलं. आईंच्या जागी मीही तेच केलं असतं. ऑर्डरमध्ये एक अट घालून टाकली: आईंनी पास केल्याशिवाय माल निघणार नाही. तो हसला, म्हणाला, पस्तावाल.

पैसे आता ऑनलाइन येतात, मुकाट्याने. आईंचं तसं नाही. पहिल्याच खेपेला त्यांनी दोन गोधड्या बाजूला काढल्या, टाके ढिले म्हणून. माझ्या मते ठीक होत्या. मी वाद घातला, हरले, आणि उसवून पुन्हा शिवून घेतल्या. आता दर महिन्याला गठ्ठा घेऊन गेले की त्या चष्मा लावून बसलेल्याच असतात. मठ्ठी तपासणी झाल्यावर मिळते, आधी नाही.