फक्कीनं आखलेला विहार

तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी नागपूरहून घरी निघालो, तेव्हा माझा ड्रॉइंग बोर्ड एसटीच्या टपावर बांधलेला होता. शेलूबाजारला तो खाली घेताना कंडक्टरनं विचारलं, "कॅरम हाय का गा?" मी हो म्हणून मोकळा झालो. आर्किटेक्चर म्हणजे काय, हे तीन वर्षांत मला घरीही धड सांगता आलं नव्हतं.

आमचं गाव आसेगावच्या बाजूचं. माय-बाबा दोघंही मजुरी करायचे. बाबांनी उमेदीची वर्षं बांधकामांवर गारा-मातीची घमेली वाहिली होती. मी विद्यापीठात शिष्यवृत्तीवर शिकत होतो आणि 'पोरगा बिल्डिंगी शिकून राह्यला' एवढं त्यांना पुरे होतं.

त्याच संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "वस्तीत विहार बांधायचा ठरला हाय. नकाशा तू काढशीन, असं मी साऱ्याइले सांगून देलं."

"मले इचारलं तरी का?"

"तुले काय इचारायचं? मंग शिकून कायले राह्यला?"

छप्पन सालच्या दीक्षेपासून आमच्या वस्तीची वंदना कडुनिंबाखाली होत आली होती. पाऊस आला की बुद्धाची तसबीर कोणाच्या तरी घरात न्यायची आणि माणसं पांगायची. आता जागा मिळाली होती, दगड येऊन पडला होता.

मी आठ-दहा दिवस खपून एक गोल विहार काढला. कॉलेजच्या वाचनालयात परदेशी मासिकं यायची, त्यातल्या एका इमारतीनं मला पछाडलं होतं. गोल भिंत, वर घुमट, चढायला सात पायऱ्या. असं काही आपल्या तालुक्यात नाही, या विचारानंच माझी छाती फुगली होती.

बांधकाम करणारे मिस्त्री शेलूबाजारचे, साठी उलटलेले मुसलमान गृहस्थ. बाबांनी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काम केलं होतं, म्हणून मी त्यांना चाचा म्हणायचो. चाचांनी कागद आधी उभा, मग आडवा धरून पाहिला. "तस्वीर तं एकदम झकास हाय, बेटा," ते म्हणाले. "पन हे मिलिमीटर मले समजत नाई."

माय पलीकडे ज्वारी पाखडत होती. ती उठून आली. "मले एवढंच सांग, याच्यात मी कोठी बसीन?"

मी एका टिंबावर बोट ठेवलं.

"एवढ्याशात?"

सगळे हसले. चाचा मात्र हसले नाहीत. "माय बरोबर बोलून राह्यली. कागदावर कोनी बसते का? चाल, जमिनीवर काढ."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर आम्ही जागेवर गेलो. चाचांनी मधोमध खुंटी धरली, मी दोरी ताणून चुन्याच्या फक्कीनं गोल आखला. काळ्या जमिनीवर तो पांढरा गोल उमटताना मला फार बरं वाटत होतं. माणसं जमत गेली. दाराच्या जागी मी दोन हात रुंद फट ठेवली होती. भिंत नव्हती, काही नव्हतं, तरी एकूणएक माणूस त्या फटीपाशी चप्पल काढून तिथूनच आत गेला. एक म्हातारी रेघेवर पाय पडला म्हणून मागं सरली आणि दारातून आली. माझ्या अंगावर काटा आला. माझ्या रेघेला इतकं कोणी मानलं नव्हतं.

मग सगळे खाली बसले, आणि गोल भरला. धसकटं वेचून, पाणी भरून बायका सर्वांत शेवटी आल्या. त्यांना जागाच उरली नाही. माय रेघेबाहेर मातीत बसली. गुडघे धरलेली ती म्हातारी विचारत होती, "सात पायऱ्या मले कोन चढवीन?"

बाबा तर उभेच होते. मी म्हटलं, "बाबा, बसा ना."

"कोठी बसू?" बाबांचा आवाज चढला नव्हता. "देवळाच्या बाहेर उभं राहूनच आमी जलम काढला. आता आपल्या हातानं बांधून राह्यलो, तं याच्यात कोनी बाहेर राहाले नाई पाह्यजे."

माझे कान तापले. विहार रस्त्यावरून कसा दिसेल, याचा मी रोज विचार केला होता. वस्तीत माणसं किती, हे मात्र एकदाही मोजलं नव्हतं.

मी पायानंच तो गोल पुसला. पुढच्या तीन संध्याकाळी आम्ही आखत होतो, माणसं बसवत होतो, पुसत होतो. बायकांनी दोन्ही बाजूंना रुंद ओसऱ्या मागितल्या आणि मधे पूर्ण उघडणारी दारं, म्हणजे पोर रडलं तरी त्याला घेऊन ओसरीवर बसता येईल, घरी जावं लागणार नाही. जोतं एका पायरीचं झालं. चाचांनी पश्चिमेच्या खिडक्या उन्हासाठी कमी करायला लावल्या आणि मुरूम लागेपर्यंत पाया खणायला सांगितला. "काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात फाटते. हे तुह्या पुस्तकात लिवलं हाय का?" लिहिलं होतं. मी परीक्षेत ते उत्तरही लिहिलं होतं, पण हातात ढेकूळ घेऊन पाहिलं ते तेव्हाच.

सुट्टी संपेपर्यंत मी कामावर राबलो. पहिल्या दिवशी माझी मान अवघडली, तेव्हा बाबांनी माझ्या डोक्यावर चुंबळ नीट बसवली. "मानेनं नाई, कमरेनं उचल," ते म्हणाले. त्यांनी मला शिकवावं आणि मी शिकावं, असं काम आम्हां दोघांत पहिल्यांदाच निघालं होतं.

चौथ्या वर्षी मी विहाराची ड्रॉइंगं कॉलेजात लावली. इतरांच्या मोठाल्या हॉटेलांशेजारी ती फारच साधी दिसत होती. डिझाइन शिकवणारे सर त्यांच्यापाशी थांबले. "ओसरीची ही रुंदी कुठून काढली?"

"बायका बसवून, सर." मी घाबरतच सगळं सांगितलं.

सरांनी ओसरीची मापं आपल्या वहीत उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोतंभर फक्की मागवली आणि सगळ्या वर्गाला मैदानावर नेलं. ज्यानं त्यानं आपापला नकाशा जमिनीवर आखायचा. एका मित्राच्या स्वयंपाकघरात दोन माणसं समोरासमोर आली की एकाला बाहेर पडावं लागत होतं. त्या दुपारी आम्ही खूप हसलो आणि वर्गात गेल्यावर खूप खोडलं.

पुढच्या वैशाखी पौर्णिमेला विहारात पहिली वंदना झाली. खीर वाटून झाल्यावर शेजारच्या गावचे हेडमास्तर माझ्याजवळ आले. ओसरीवर हात फिरवत म्हणाले, "आमच्या शाळेले दोन खोल्या पाह्यजेत. पोरं झाडाखाली बसून राह्यली. काढून देशीन का नकाशा?"

"गुरुजी, मी अजून पास व्हायचा हाय."

"आमची पोरं बी अजून पास व्हायचीच हायेत," ते म्हणाले. "उद्या सकाळी ये. फक्की आनून ठेवतो."

मी सायकल मागून घेतली आणि सकाळी निघालो.