पदराखालचा हात

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. औषधोपचारांवर लिहिण्याइतका मी शहाणा नाही, याची आधीच माफी मागतो. पण आईला संधिवातासाठी अधूनमधून सलाइनमधून औषध देतात. भरती व्हावं लागत नाही. खुर्चीत बसायचं, बाटली संपली की घरी. मी शेजारी बसून थेंब पाहत राहतो.

गेल्या खेपेला आईने सुई टोचलेला हात पदराखाली झाकला होता. चारचौघांत बाही वर सारलेली तिला बरी वाटत नाही. थेंब संथ पडत होते, म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चाललो. सिस्टरांनी पदर बाजूला केला, तर हात टम्म सुजलेला. औषध शिरेत न जाता कातडीखाली साठत होतं.

"मावशी, दुखलं नाही का?"

"दुखत होतं की. पण तुमची धावपळ बघून म्हटलं, उगाच कशाला त्रास!"

"आणि आता दुसरा हात टोचायचा, तो त्रास नाही वाटतं? जळजळलं, खाज आली, की लगेच हाक मारायची."

निमूट सोसण्याला आमच्याकडे चांगुलपणा म्हणतात. वर्गात काही कळलं नाही तरी मीही गप्पच बसतो. पण पडणारा थेंब सगळ्यांना दिसतो. तो आत कुठे जातो, हे ज्याचा हात त्यालाच आधी कळतं. एवढं मात्र मी खात्रीने सांगतो.

काल माझी परीक्षा होती, म्हणून आई एकटीच गेली. संध्याकाळी एकदाचा तिचा फोन आला.

"आज पण जळजळलं रे. अशी हाक मारली, सगळी खोली वळून बघायला लागली!"