लहान, फिक्या आणि नाचणाऱ्या पेशी

लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. रिकाम्या बाटल्या आणि किस्से! बाटल्या भंगारवाला नेतो. किश्श्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते आणि आख्ख्या भिवंडीचं रक्त तपासायचं मनात होतं. नोकरी मिळाली ती पॉवरलूमच्या गाळ्यावरच्या एका छोट्या लॅबमध्ये. खाली लूम सुरू झाले की वर टेबल थरथरायचं आणि मायक्रोस्कोपखाली पेशी नाचायला लागायच्या. "पेशी बघू की लावणी?" आमचे सर वैतागायचे. लाईट गेली की लूम थांबायचे, पण मायक्रोस्कोपचा दिवाही जायचा! शेवटी सरांनी आरशाचा जुना मायक्रोस्कोप खिडकीतल्या उन्हात मांडला. लोडशेडिंग सुरू झालं रे झालं की ते ओरडायचे, "स्लाइड आणा, भिवंडी थांबली!"

*

स्लाइडवर जे दिसायचं त्याने माझी झोप उडायची. बाईमागून बाई तेच. तांबड्या पेशी लहान, आणि मधे इतक्या फिक्या की नुसती लाल कड उरलेली. सर त्यांना बांगड्या म्हणायचे. एकदा एका सुनेची स्लाइड बघताना ते जोरात म्हणाले, "अरेरे, हिच्या सगळ्या बांगड्याच आहेत!"

बाहेर बाकावर बसलेली सासू ताडकन उठून आत आली.

"सगल्या तिच्या न्हाय हां डॉक्टर! त्यातल्या दोन माझ्या हायेत!"

*

पेशी अशा होण्याचं मोठं कारण म्हणजे शरीरात लोह कमी. पण ते कमी का झालं? पाळीत जास्त जातं, पोटात जंत आहेत, की ताटातच काही नाही? गोळी देऊन मोकळं होणं मला पटायचं नाही. मी खोदून खोदून विचारायची.

कोन गावची एक बाई सायझिंगमध्ये कामाला होती. लुमावर चढवण्याआधी सुताला खळ देतात, तिथे. मी विचारलं, "माती, खडू असलं काही खाता का?" लोह कमी झालं की असलं खावंसं वाटतं, म्हणून.

ती भडकली. "माती खायला मी काय बारकी पोर हाय?"

मग हळूच म्हणाली, "खळीची पावडर खाते मूठभर. पन ती माती न्हाय ना, स्टार्च हाय!"

*

तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. ती परत आली तेव्हा हिमोग्लोबिन होतं तिथेच.

"गोळ्या संपल्या का?"

"कवाच्या!"

"खाल्ल्या कोणी?"

"गुलाबाला घातल्या, मॅडम. मला शी काळी व्हायची. पन गुलाब काय फुललाय! तुमाला आनू?"

यावर सगळ्यात मोठ्याने हसली ती रूपाली. आमच्या काउंटरवर बसायची. अंजूर गावची सून, पहिलटकरीण. तिसरा महिना लागला होता.

*

रूपालीचंही हिमोग्लोबिन कमी होतं. रोज गोळी घेते म्हणायची. तरी हिमोग्लोबिन ढिम्म हलेना. मी तिलाच दटावलं, "घरी गुलाब लावलायस का?"

सरांनी तिची स्लाइड पुन्हा पुन्हा पाहिली. पेशी लहान, फिक्या, पण संख्येने ढीगभर! "लोह कमी असतं तर इतक्या बनल्याच नसत्या," ते म्हणाले. लोह तपासलं, ते व्यवस्थित. मग हिमोग्लोबिनचे प्रकार मोजायला रक्त मुंबईला पाठवलं. उत्तर आलं, थॅलेसेमिया मायनर. आईकडून नाहीतर बापाकडून आलेलं. तिला स्वतःला त्याचा फारसा त्रास नाही. पण नवऱ्यातही तेच निघालं, तर दर खेपेला चारात एक शक्यता, की बाळाला जन्मभर दुसऱ्याचं रक्त भरत राहावं लागेल. आणि पोटातल्या बाळाची तपासणी करायची तर वेळेत करायला हवी.

"ह्यांचं रक्त लगेच तपासू," रूपाली म्हणाली. त्या दिवशी ती हसली नाही.

*

तिचा नवरा सचिन कशेळीच्या गोडाऊनवर टेम्पो चालवायचा. फोन केला की रोज नवीन कारण. आज लोडिंग, उद्या ट्रॅफिक, परवा उपास! "मी रोज व्यायाम करतो मॅडम, माझं रक्त एक नंबर हाय!" मी फोनवर ओरडायची. रूपाली भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायची.

एकदा रूपाली सोनोग्राफीला गेली होती, त्या सकाळी तो आला! उंच, धिप्पाड. "सचिन पाटील," एवढंच म्हणाला आणि बाही वर केली.

मी खूश. "बाप होणार तुम्ही, अभिनंदन!"

तो लाजून लाल झाला. "छे छे मॅडम, तसं काय नाय!"

रिपोर्ट नॉर्मल आला. रूपाली माझ्या गळ्यात पडून रडली. तिच्या सासूने अंजूरभर पेढे वाटले.

*

पेढे वाटून झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी तोच धिप्पाड माणूस काउंटरवर आला. मी म्हटलं, "या सचिन!" रूपालीने वर पाहिलं.

"दिन्या, ह्यांना गोडाऊनवर सोडून तू इथं कसा?"

तो गडबडला. "काय नाय वहिनी, एक विचारायचं होतं... सचिनचा रिपोर्ट नॉर्मल आला, म्हंजे मी पन नॉर्मलच ना?"

रूपालीने तडक फोन उचलला. "अहो, टेम्पो घेऊन या. पोटात दुखतंय."

सचिन घामाघूम होऊन जिना चढून आला. ती खुर्चीत ताठ बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, दिन्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. रूपालीने दाराला आतून कडी लावली आणि सुई माझ्या हातात दिली.

"एवढा पैलवान," मी चिडून म्हटलं, "आणि सुईला घाबरता?"

तेवढ्यात लाईट गेली. खालचे लूम थांबले. इतकी शांतता, की त्याचं पुटपुटणंही ऐकू आलं.

"सुईला नाय घाबरत, मॅडम."

रूपाली त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच त्याच्या शर्टाची बाही वर सरकवली.

"मी पन नाय. हात पुढं करा."