विमलताईंची मस्कतमधली गिरणी

विमलताईंची आणि माझी पहिली ओळख भांडणाची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पनवेलच्या बाजारात मी एका पिठाच्या गिरणीवर कामाला होतो आणि त्यांचे तांदूळ मी चुकून गव्हावर दळले. ताईंनी डबा उघडला, पीठ चिमटीत धरलं आणि भर गिरणीत सुनावलं, "याची भाकरी थापून दाखव मला! काम करतोस का झोपा काढतोस?" मिठागरावर राबणाऱ्या घरातल्या लेकीचा तो आवाज रस्त्यापलीकडे गेला.

दोन वर्षांनी त्याच ताईंचं मस्कतहून पत्र आलं. त्यांचे यजमान दामोदरभाऊ तिथे ट्रक चालवत. भाकरीचं ताजं पीठ मिळत नाही म्हणून तिथली मराठी कुटुंबं हळहळत होती. ताईंनी स्वतःची गिरणी घालायचं ठरवलं होतं. चालवायला मी हवा होतो; त्या भांडणानंतर त्यांचं दळण मी पुन्हा कधी बिघडवलं नव्हतं.

मी पोचायच्या आधीचं भाऊंनी सांगितलं. परवान्याच्या कचेरीत वयस्क अधिकाऱ्यांनी यंत्राभोवती भिंत हवी असं सांगितलं, तेव्हा ताईंनी हिंदीत वाद घातला. अधिकाऱ्यांनी शांतपणे फाईल मिटली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्या दिवशी ताई घरी येऊन रडल्या. भारतातून आलेलं यंत्र तोवर त्यांच्या एका खोलीच्या घरातच खोक्यात पडून होतं. सात महिने दोघं त्याला वळसा घालून वावरले. ताई त्या खोक्यावरच भाजी चिरत. दर शनिवारी कचेरीत जात, नव्याने शिकलेल्या अरबीत नमस्कार-चमत्कार करत, चौकशी करून परतत.

मी गेलो तेव्हा भाड्याच्या दुकानात भिंत उभी होती, यंत्र बसलं होतं, शेवटची तपासणी आठ दिवसांवर होती. ताई बाहेर गेल्या असताना एक बाई ज्वारी घेऊन आल्या. घरी सासूबाई आजारी, एवढी दळून द्या म्हणाल्या. मी यंत्र सुरू केलं. भिंतीतल्या झरोक्याला जाळी बसायची होती. तिथून उडालेलं पीठ शेजारच्या शिंप्याकडे टांगलेल्या काळ्या बुरख्यांवर जाऊन बसलं. तक्रार झाली आणि संध्याकाळच्या आत दुकानाला सील लागलं.

मी बॅग भरून दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो. ताई आल्या, त्यांनी दारावरचं सील पाहिलं. पनवेलच्या त्या आवाजाची मी वाट पाहत होतो.

"आदी शेजारी जाऊ," त्या म्हणाल्या. "कपडे झटकाया लागतील."

शिंप्याचं दुकान बंद होईपर्यंत आम्ही दोघं बुरखे झटकत होतो. परतताना मला राहवलं नाही. "ताई, मला ओरडा तरी."

"सुरेश, सात महिने मी पण घाईच करत व्हते. फक्त कचेरीत बसून करत व्हते. आता खरंच थांबायचं. ती बॅग सोड."

सील चार महिन्यांनी निघालं. तोवर त्यांनी मला त्याच खोलीत पडद्याआड जागा दिली. दिवसा त्या शिंप्याकडे काज-बटणाला बसवलं, "रिकामा राहशील तर झुरशील," म्हणून. फेरतपासणीच्या दिवशी तो शिंपी आपणहून आला आणि अधिकाऱ्यांना म्हणाला, "ही माणसं चांगली शेजारी आहेत." परवाना मिळाला. पहिल्या सकाळी डबे घेऊन आलेल्या बायांची रांग जिन्यापर्यंत गेली. ताई मात्र आत जाऊन पदराने डोळे पुसत होत्या.

पुढे मी परत येऊन पनवेलजवळ सुकापूरला स्वतःची गिरणी घातली. विजेची जोडणी रखडली, मी चिडून सगळं सोडायला निघालो होतो. ताई तेव्हा सुट्टीवर आल्या होत्या. तीन दिवस त्या माझ्याबरोबर कचेरीच्या बाकावर बसल्या. चौथ्या दिवशी मी एकटाच गेलो आणि शांतपणे बसलो.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या कष्टांविषयी या गौरवग्रंथात इतर लिहितीलच. मला एकच नोंदवायचं आहे. त्या चार महिन्यांत, एका खोलीत, दोन वेळचं वाढताना त्यांनी मला एकदाही 'तुझ्यामुळे' म्हटलं नाही. ताईंची तब्येत ठणठणीत राहो, भाऊंची सोबत त्यांना पुष्कळ वर्षं लाभो, आणि आमच्यासारख्या उतावळ्यांना त्यांच्या शेजारी बसायला जागा मिळत राहो.