रंगाऱ्याच्या घरचं रंगकाम

तो रंगारी. दुसऱ्यांची घरं चकचकीत करण्यात त्याची हयात गेली, पण स्वतःच्या बैठकीच्या भिंतीला मात्र हे एवढाले पोपडे सुटले होते. बायको म्हणायची, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." तो म्हणायचा, "बघू, काम कमी असलं की." आणि काम कमी असलं की सोफ्यावर आडवा पडून, चिखलात रुतलेले ट्रक बाहेर काढतानाचे व्हिडिओ बघायचा.

एकदा छताला ऑइलपेंट देताना ब्रश हातातून निसटला तो थेट त्याच्या मिशीवर. टर्पेंटाइनने घासून रंग निघेना, उलट ओठ पोळला. शेवटी न्हाव्याकडे जाऊन त्याने मिशी उतरवली. लग्नाच्याही आधीपासूनची मिशी. आता घरी आपली काय थट्टा होणार, या धास्तीने तो जिना हळूहळू चढला.

कुणीच थट्टा केली नाही. आई टीव्हीपुढे होती. थोरली मुलगी कानात इयरफोन खुपसून कोपऱ्यात, धाकटा गेममध्ये कुणावर तरी गोळ्या झाडण्यात गर्क. बायकोने एका हाताने वाढलं; दुसऱ्या हातात सिरियल चालू होती. जेवणं उरकली, ताटं उचलली गेली. शेवटी त्याचाच धीर सुटला.

"अरे, माझ्या तोंडाकडे कुणी बघेल का?"

चौघांनी माना वर केल्या. धाकटा किंचाळला, "बाबा, मिशी कुठे गेली?"

"नाक कापून आलो असतो तरी तुम्हाला पत्ता लागला नसता," तो बायकोकडे बघत म्हणाला.

बायको शांतपणे म्हणाली, "मी केस कापून आठवडा झाला. ते दिसले का कुणाला?"

त्याने पाहिलं. कमरेपर्यंतची वेणी जाऊन केस खांद्यावर आले होते. 

दुसऱ्या दिवशी त्याने रंगाचा रिकामा डबा धुऊन घरी आणला आणि हुकूम सोडला, "संध्याकाळी सगळ्यांचे मोबाईल यात."

सगळे तोंड फुगवून बसले. धाकट्याने विचारलं, "मग आता काय करायचं?"

"गप्पा मारा."

"कसल्या?"

ते त्यालाही सुचेना. थोड्या वेळाने 'जरा हवामान बघतो' असं पुटपुटत त्याने डब्यातून आपला मोबाईल उचलला आणि बाथरूममध्ये शिरला. दाराबाहेरून आईचा आवाज आला, "काय रे, पाऊस बाथरूममध्ये पडणार आहे का?" त्या दिवसापासून डब्यात कांदे राहू लागले.

पुढे त्याचं एक मोठं काम लांबणीवर पडलं. बायकोने संधी साधली. "आता सबबी पुरे. घर रंगवा."

सगळं सामान बैठकीच्या मधोमध ओढून त्यावर प्लास्टिक घातलं. टीव्ही ढिगाच्या तळाशी गेला. इंटरनेटचा डबाही भिंतीवरून उतरला, आणि घरात मोबाईलची रेंज मुळातच यथातथा. आता करमणुकीला उरली ती भिंत. त्याने सगळ्यांच्या हातात खरवडायच्या पट्ट्या दिल्या.

"थांबा!" खुर्चीत बसलेली आई एकदम ओरडली. "तिथे हात लावू नका. तो उंट आहे."

सगळ्यांनी बघितलं. पोपडा निघालेल्या जागी खरंच उंट होता. मान, कुबड, सगळं. रंगाऱ्याने कानावरची पेन्सिल काढून त्याला डोळा आणि पाय काढले. धाकट्याला खिडकीपाशी मगर सापडली. थोरली आधी 'काहीही हं तुमचं' म्हणाली आणि मग स्टुलावर चढून मगरीला टोपी घालत बसली. खरवडणं राहिलं बाजूला.

अंधार पडल्यावर उघडा बल्ब लावला, तर सगळ्यांच्या सावल्या भिंतीवर उमटल्या. बायकोने नवऱ्याला पकडून उभं केलं आणि त्याच्या सावलीच्या कडेने पेन्सिल फिरवली.

"हलू नका."

"नाक एवढं मोठं नाहीये माझं."

"आहे. इतकी वर्षं मिशीने झाकलं होतं." ती हसत सुटली, रेघ वाकडी गेली आणि नाक आणखीच वाढलं. मग प्रत्येकाची पाळी आली. आईने तर आपल्या सावलीला केसांत फूल काढायला लावलं.

"फोटो काढायला हवा," थोरली म्हणाली. पण तिचा फोन ढिगाच्या आत कुठेतरी होता. शोधायला ती उठली नाही.

दोन दिवसांनी भिंत खरवडून तिच्यावर प्रायमरचा पांढरा हात चढला. उंटाच्या वेळी धाकट्याचा चेहरा पडला. रंगाऱ्यालाही रोलर जड वाटला, पण काम ते काम. रंग वाळला, सामान जागेवर गेलं, इंटरनेट परत आलं. घर काही एका रात्रीत बदललं नाही. सिरियल आहे, गेम आहे, ट्रकही अजून रुततात. पण टीव्ही आता आईच्या खोलीत असतो, आणि जेवणं झाली की कुणीतरी मोठा दिवा मालवून बल्ब लावतं. भिंतीवर हातांची सावली पाडायची, बाकीच्यांनी प्राणी ओळखायचा. थोरली भाव खाते, पण खेळते.

रंगारी आता गिऱ्हाइकाकडे लहान मुलं दिसली की सांगतो, "प्रायमरच्या आधी एक दिवस भिंत मुलांच्या ताब्यात द्या. तुम्हीही बसा." काही जण त्याच्याकडे वेड्यासारखं बघतात. काही जण पेन्सिल मागतात. तो खिशात चार-पाच जादा ठेवतो.