केशरबाईंचा एक वाटा

बोनकोड्यातल्या तीन माळ्यांच्या चाळीत नेट पुरवायचा तो संघर्ष नावाचा पोरगा. वायर त्यानेच ओढली, नेटच्या वेगाचे वाटे त्यानेच पाडले. "आपल्या लाइनवर सगळे सारखे," हे तो छाती ठोकून सांगायचा. लहानपणापासून घरात तेच ऐकलेलं.

त्या रविवारी मॅच रंगात आली होती आणि वरच्या माळ्यावरच्या केशरबाई फोन धरून त्याच्या दारात आल्या. कोकणात त्यांचा भाऊ वारला होता. भाची व्हिडिओ कॉलवर त्याचं तोंड दाखवत होती, पण चित्र थिजून बसलं होतं.

"आता उचलतील रे त्याला. काय तरी कर!"

"मावशी, लाइन बरोबर आहे. फोनचीच बोंब असेल," म्हणत त्याने त्यांचा फोन बंद-चालू करण्यात दहा मिनिटं घालवली. मग लाइनला जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. वाटा त्याने घरामागे पाडलाच नव्हता. फोनमागे, टीव्हीमागे पाडला होता. शेजारच्या घरात नऊ यंत्रं, म्हणून नऊ वाटे. केशरबाईंचा फोन एकच. हे सारखं होय रे, गाढवा? त्याने स्वतःलाच विचारलं.

त्याने घरामागे एक असे वाटे बदलले, सगळी लाइन बंद करून पुन्हा चालू केली. चाळभर शिव्या सुरू झाल्या. "लाग रे, लाग," तो नेटच्या डब्यावरच्या दिव्यांना विनवत राहिला.

कॉल लागला. चित्र आरशासारखं लख्ख. अंगणातली चटई दिसली, तिच्यावरची दबलेली फुलं दिसली. चटईवर कोणी नव्हतं.

"आता किती साफ दिसतंय रे," केशरबाई म्हणाल्या.