कॅसेटच्या शेवटचं हसणं

ये, सरक अशी जवळ. पत्राच्या कागदावर का होईना, पण जवळ बस. इतक्या महिन्यांनी आठवण झाली होय म्हातारीची? मी गेले असते तर मोबाइलवर दोन फुलं पाठवून मोकळी झाली असतीस. जाऊ दे. आज मध्ये बोलू नकोस फक्त. मध्ये कुणी बोललं की मी विषय बदलते, ही माझी जुनी खोड, आणि त्याच खोडीवर मी वीस वर्षं निभावून नेलंय.

हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. आमचे हे काही न कळता गेले. मुलाला नाही सांगितलं. रोज देवापुढे बसते, तिथे गुडघेदुखीपासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळं बोलते — हे सोडून.

जुईचं गाणं ऐकलंयस ना तू? ऐकलंच असशील. इथे बदलापुरात, बेलवलीत आमच्या बिल्डिंगखालच्या केकच्या दुकानातसुद्धा लागतं हल्ली. आधी खरखर येते जुन्या कॅसेटची. मग एक बाई गाते, लांबून गायल्यासारखी — ‘चांदणं सांडलं पायलीभर, चिमूटभर घाला जुईच्या पापणीवर.’ मग शिलाई मशीन सुरू होते. खरी मशीन हो, उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात जाऊन रेकॉर्ड करून आणलेली. आणि त्या मशीनच्या तालावर आमची जुई गायला लागते, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मध्येच एखादा सिंधी शब्द. मला आधी ते गाणंच वाटेना. "मोठी आई, ह्याला अल्टरनेटिव्ह पॉप म्हणतात," म्हणाली. मी म्हटलं, पॉप म्हण नाहीतर पापड म्हण, सूर सोडू नकोस म्हणजे झालं.

जुई माझ्या धाकट्या दिराची मुलगी. तिची आई शुभांगी, माझी जाऊ, काविळीने गेली तेव्हा जुई नुकती चार वर्षांची झाली होती. पुढे मीच वाढवलं तिला. म्हणून मी मोठी आई.

त्या गाण्याखाली लिहिलेलं असतं — सुरुवातीचा आवाज, माझी आई शुभांगी. लोक खाली काय काय लिहितात. आम्ही रडलो, म्हणतात. तुझ्या गळ्यात तुझी आई आहे, म्हणतात. त्या एका गाण्यावर अंधेरीच्या एका कंपनीने तिला बोलावलं. आता सहा गाण्यांचं आख्खं रेकॉर्ड निघणार आहे, आणि त्याचं नाव ‘शुभांगी’. पोरीने चांगली ऑफिसची नोकरी सोडली ह्याच्या भरवशावर. सगळं त्या एका आवाजावर उभं आहे, कळतंय ना तुला? आणि तो आवाज —

थांब. आधी शुभांगीचं सांगते.

तेव्हा आम्ही उल्हासनगरला राहायचो, कॅम्प चारला, दोन खोल्यांत दोन संसार. खालीच शिलाईचा कारखाना. दुपारी आम्ही दोघी जावा जीन्सचे धागे कापायला बसायचो, पीसवर पैसे मिळायचे. ती कापता कापता गायची. कात्री हातात तशीच राहायची आणि ही आपली गातेय. माझे पीस तिच्या दुप्पट व्हायचे. तेवढंच माझं. हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, शुभांगी, म्हण गं एखादं, आणि मी आत डिशा पुसायची. मला राग नव्हता. नव्हता असं मी आजवर म्हणत आलेय.

ते पायलीभर चांदण्याचं गाणं तिचं स्वतःचं. जुईला झोपवता झोपवता जुळवलेलं. एका रविवारी भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिराने, टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवून ते भरून घेतलं. आणि मग कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन बारीक खिट्ट्या असतात ना प्लॅस्टिकच्या, त्या स्क्रूड्रायव्हरने मोडून टाकल्या. खिट्ट्या मोडल्या की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. "आता ही कुणालाच पुसता येणार नाही," म्हणाले. शुभांगी लाजली होती. मी चहा गाळत होते.

वर्षभरात ती गेली. भाऊजींनी वापीला नोकरी धरली, गणपतीला आणि दिवाळीला तेवढे यायचे. कॅसेट त्यांनी पुन्हा कधी लावली नाही, त्यांच्याच्याने ऐकवेना. तिच्या माहेरचे म्हातारा-म्हातारी पाठोपाठ गेले. आमचे हे कामावर, मुलगा शाळेत; घरात राहिलो मी आणि जुई. आंघोळ मी घालायची, वेणी मी घालायची, तापात कपाळावर घड्या मी ठेवायच्या. आणि दुपारी झोपताना तिला लागायची ती कॅसेट. डोकं माझ्या मांडीवर असायचं, पण कान तिकडे.

एकदा शेजारची मोहिनीभाभी आमच्या दारात पापड वाळत घालत होती. सहज गंमत म्हणून तिने जुईला विचारलं, "तेरी मम्मी कौन?" पोरीने कपाटावरच्या टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवलं. "वो."

"और ये?"

"ये तो मोठी आई है. ये खाना देती है."

सगळ्या बायका हसल्या. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

नंतर काय झालं ते मी स्वतःला इतकी वर्षं असं सांगत आलेय — कॅसेट लावायला गेले आणि चुकून भलतंच बटण दाबलं. इतक्या वेळा सांगितलंय की मला ते डोळ्यांपुढे दिसतंसुद्धा. पण तूच सांग, भरून घ्यायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात, लाल आणि त्याच्या शेजारचं. चुकून दाबायला दोन बोटं लागतात का? आणि खिट्ट्या मोडलेल्या असल्या तर लाल बटण खालीच जात नाही. त्या भोकावर चिकटपट्टी लावावी लागते.

चिकटपट्टी मी लावली. मुलाच्या वह्यांना कव्हरं घालायची पट्टी होती घरात. दाताने तोडली आणि लावली.

जुई बालवाडीत होती. खालच्या मशिनींचा आवाज येऊ नये म्हणून मी खिडकी लावून घेतली. एवढं सुचलं बघ मला. आणि मी गायले. तिचंच गाणं, तिच्यासारखं, जरा लांब बसून, खालच्या पट्टीत. दुसऱ्या कडव्यातली एक ओळ मला येईना. हजार वेळा ऐकलेली ओळ, पण लाल बटण दाबल्यावर येईना. तिथे मी नुसतं गुणगुणले, हूं हूं करत, आणि पुढे गेले. गाणं संपलं. बटण बंद केलं. शुभांगी पुसली गेली.

पोर माझ्या आवाजाने झोपावी, एवढंच मला हवं होतं. ते मला मिळालं.

त्या दुपारी जुई आली, जेवली, मांडीवर पडली. मी कॅसेट लावली. दोन शब्द ऐकले आणि तिने डोकं उचललं. टेपरेकॉर्डरकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा हात तिच्या पाठीवर होता, तो थोपटायचाच थांबला.

"आईला सर्दी झालीय?"

मी म्हटलं, हो.

मग झोपली ती. आणि टेप चालूच होता. माझं गाणं शुभांगीचं संपलं तिथेच संपलेलं, म्हणून मी थांबले त्याच्यापुढे जुनं उरलं होतं — अगदी जरासं. शुभांगीचं. त्या रविवारी भाऊजींना बंद करायला उशीर झाला होता ना, तेवढं. "अय्या, चालूच आहे होय अजून?" म्हणते आणि हसते. मोकळं, सगळं अंग हलेल असं हसते. मी मांडीवरची झोपलेली पोर घेऊन तशीच बसून राहिले. ते जरासं मी पुसलं नाही. चांगुलपणा समजू नकोस, हातच पुढे झाला नाही.

पुढे टेपरेकॉर्डर बिघडला. आम्ही बदलापूरला आलो. कॅसेट माझ्या कपाटात, साड्यांखाली. जुई गायला लागली, लॅपटॉप घेतला, आवाज घुमू नये म्हणून खोलीभर माझ्या रजया टांगून मध्ये बसून गायची. मला वाटलं, ती विसरली. विसरते होय कुणी? गेल्या वर्षी म्हणाली, "मोठी आई, आईची कॅसेट दे. मला गाण्यात घ्यायचीय."

मी म्हटलं, शोधते. आणि आतल्या खोलीत जाऊन मी ती चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. चिकटा राहिला तो खोबरेल तेलाने पुसला. हे तरी कुणाच्या नावावर टाकायचं? ही तर तेव्हाची तरणी, चिडलेली जाऊ नव्हती. ही मी, आजची, चष्मा लावलेली.

गाणं तयार झालं तेव्हा तिने माझ्याच कानाला पहिल्यांदा हेडफोन लावले. माझा आवाज माझ्याच कानात — आणि पोर माझ्या तोंडाकडे टक लावून बघतेय. जिथे ओळ आठवली नव्हती, तिथली ती हूं हूं तिने उचललीय आणि गाणंभर पुन्हा पुन्हा फिरवलीय. म्हणाली, "बघ ना, आईने इथे शब्द गाळून नुसतं गुणगुणलंय. कसलं भारी सुचलंय तिला. आख्खं गाणं ह्याच्यावर उभं आहे."

मग हसत हसत म्हणाली, "आणि शेवटी एक बाई बोलते, हसते. ती तू ना? तूच असणार. बटण तूच दाबलं असशील."

आता खरं सांग, मला ह्याहून सोपी वाट कोण देणार होतं? एक ‘नाही’ म्हणायचं होतं. नाही गं, ती तुझी आई. बाकीचं मग आपोआप सुटत गेलं असतं. पोर वाट बघत होती. खाली केकवाल्याचं शटर वर गेल्याचं मला ऐकू आलं.

मी म्हटलं, हो, मीच ती.

"किती तरुण हसायचीस गं," म्हणाली. "पण गाण्याच्या मूडमध्ये नाही बसत ते. कापून टाकलंय. रागावू नकोस हं."

मी म्हटलं, काप की. माझं काय ठेवायचंय.

दोन महिन्यांपूर्वी अंबरनाथला हॉलमध्ये तिचा कार्यक्रम झाला. भाऊजी आता रिटायर होऊन पालेगावात राहतात, ते आले, माझ्याच शेजारी बसले. त्यांनी मोबाइलवर ते गाणं मुद्दाम ऐकलं नव्हतं. लेकीच्या समोर बसूनच ऐकायचं, म्हणाले. हा माणूस तिच्याबरोबर राहिलेला, ह्याने स्वतःच्या हाताने ती कॅसेट भरलेली. पहिल्या शब्दाला ओळखेल आणि माझ्याकडे वळेल. मी काय बोलायचं ते ठरवायला लागले. अंधार झाला. खरखर सुरू झाली. मी पर्स घट्ट धरली.

चांदणं सांडलं पायलीभर.

भाऊजी ताठ झाले. मग माझ्याकडे वळले. मी समोरच बघत राहिले.

"वहिनी," म्हणाले, "हीच. अगदी हीच. मला वाटायचं मी विसरलो. किती वर्षं आठवून बघितलं, आवाजच यायचा नाही कानात. आज आला." आणि माझा हात धरून रडायला लागले. समोर शे-दोनशे पोरंपोरी हात वर करून हूं हूं म्हणत होती, माझ्या न आठवलेल्या ओळीवर. आणि स्टेजवरून जुई वर बघून म्हणाली, "आई, ऐकतेयस ना?"

मी पकडली जायची वाट बघत बसले होते. पकडणारं कुणी उरलंच नव्हतं. त्या माणसाच्या डोक्यात जे काय थोडंफार शिल्लक असेल, त्याच्यावरही आता माझाच आवाज भरला गेला. शुभांगी खरी कशी गायची हे जगात फक्त मला माहीत आहे. आणि खरं सांगू? मलाही हल्ली आठवायला गेलं की माझाच आवाज येतो.

रेकॉर्ड निघेल आता. जुईला मी सांगितलेलं नाही. भाऊजींनाही नाही. काल तिने कॅसेट माझ्या हातात परत दिली, म्हणाली, "तुझ्याकडेच ठेव. तुझ्याइतकी कुणी सांभाळणार नाही." मी घेतली. साड्यांखाली ठेवली.

उल्हासनगरहून एक जुना टेपरेकॉर्डर आणलाय मी. चालतो. पण कागदावर काही ऐकू येत नाही ना, म्हणून म्हणते, ये एकदा. लवकर ये. दुपारचीच ये, जुई तेव्हा घरी नसते. तू शुभांगीला कधी पाहिलं नाहीस, तिचा खरा आवाज कधी ऐकला नाहीस, ते बरंच आहे. चहा झाला की मी मशीन लावते. कॅसेट शेवटापाशी आणून ठेवलीय. ती "अय्या" म्हणेल, हसेल, आणि संपायच्या आत मी तुला सांगीन, ही शुभांगी.